रक्ताचा दोष, हाडांची वेदना
सातपुड्यातील सिकलसेल संशोधनाची वाटचाल

खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुडा आडवा पसरला आहे. त्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा अशी तालुक्यांची रांग लागते आणि वर डोंगरात अक्राणी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले धडगाव. भिल्ल, पावरा, बारेला, तडवी, मावची हे इथले समाज. या पट्ट्यातल्या अनेक घरांत हाडांचे एक दुखणे पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे. धडधाकट दिसणारे पोर एकाएकी हातपाय धरून रडू लागते. विशीतल्या तरुणाची पाठ इतकी दुखते की त्याला कूस बदलता येत नाही. तिशीच्या आतबाहेरची बाई लंगडू लागते आणि काही वर्षांत तिला शेतात खाली बसणेही जमत नाही. कुणी याला वात म्हटले, कुणी बाहेरची बाधा म्हटले. भगत-बडव्याकडे फेऱ्या झाल्या, मग तालुक्याच्या गावातून दुखण्याची गोळी आली. दुखणे ओसरले आणि पुन्हा आले.

दुखत होते हाड. दोष होता रक्तात. हे कोडे उलगडायला जगाला अर्धे शतक लागले, ते ज्ञान सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत पोचायला आणखी काही दशके लागली. शिकागो, नागपूर, पुणे, धडगाव, धुळे, जळगाव, नंदुरबार असा हा प्रवास आहे. एखाद्या संस्थेची वाटचाल लिहिताना आपण इमारती, खाटा, पदाधिकारी मोजतो. इथे मोजायची गोष्ट वेगळी आहे: तपासणी आणि उपचार रुग्णाच्या घराच्या किती जवळ आले. या कामातले प्रत्येक खरे पाऊल ते अंतर कमी करणारेच होते. हाडांच्या बाबतीत मात्र ते अंतर अजून मोठे आहे.

शिकागो ते नागपूर

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांतून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्यकीय साहित्यात या आजाराची ती पहिली स्पष्ट नोंद. पेशी वाकते का, याचे उत्तर १९४९ मध्ये मिळाले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. रेणूतील बिघाडामुळे आजार होतो, हे इतक्या नेमकेपणाने प्रथमच सिद्ध झाले होते. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बिघाड एका बिंदूवर आणून ठेवला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या दोऱ्या बनतात आणि गोल, लवचिक पेशी ताठ आणि वाकडी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून वेदना.

भारतात हा दोष असल्याचे १९५२ मध्ये समजले, तेव्हा लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष मांडले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि महाराष्ट्राचे नाव या नकाशावर उमटले. नागपूरच्या नोंदींनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हा दोष फक्त डोंगरातल्या आदिवासींचा नाही, गावांत आणि शहरांत राहणाऱ्या इतर समाजांतही तो आहे.

हा दोष याच पट्ट्यांत एवढा का टिकला, याचेही उत्तर या काळात मिळाले. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले आहे, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे हिवतापाने शतकानुशतके लहान मुले नेली, तिथे वाहक मुले तुलनेने जास्त जगली आणि जनुकही जगले. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यातील हिवतापाचा इतिहास पाहिला, की इथल्या रक्तात हे जनुक का आहे ते समजते. त्यात कुणाच्या कुळाचा दोष नाही आणि कुणाच्या वागण्याचाही नाही. ही गोष्ट पाड्यावर जितक्या वेळा सांगावी तितकी थोडीच.

पुण्याची प्रयोगशाळा, सातपुड्याची वाट

महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत हा दोष नेमका कुठे आणि किती आहे, हे शोधण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्यांत डॉ. सुदाम काटे यांचे नाव आधी घ्यावे लागते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी आदिवासींच्या रक्तातील आनुवंशिक दोषांचा अभ्यास हाती घेतला. पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून त्यांनी हे काम चालू ठेवले. मंडळ उभारणारे डॉ. दादा गुजर हे सेवा दलाच्या संस्कारातले. मंडळाच्या रुग्णालयाला नाव आहे साने गुरुजींचे. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची माणसे खानदेशच्या डोंगरात रक्त तपासायला आली, यात एक जुने देणे फेडल्याची भावना आहे.

त्या काळी धडगाव आणि अक्कलकुवा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. धडगावला जायचे म्हणजे चांदसैलीचा घाट चढायचा आणि पावसाळ्यात दरड कोसळली की खोळंबून बसायचे. नर्मदेच्या काठच्या पाड्यांना तर रस्ताच नव्हता. आजारी माणूस बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणायचा. अशा मुलखात रक्त तपासायचे तर तपासणी साधी हवी. विद्राव्यता चाचणी तशी आहे. बोट टोचून घेतलेले थोडे रक्त एका द्रावणात घालतात. द्रावण पारदर्शक राहिले तर सिकलचे हिमोग्लोबिन नाही, गढूळ झाले तर आहे. काही मिनिटांत समजते आणि वीजही लागत नाही. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे करून सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि विद्युतसंचलनाने, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसने, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करावे लागतात. डोंगरात गढूळ झालेल्या नळीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंतचा आणि तो अहवाल घेऊन पुन्हा त्याच पाड्यावर जाण्याचा रस्ता, हेच या संशोधनाचे खरे कष्ट.

डॉ. काटे आणि त्यांचे सहकारी लिंगोजवार यांनी २००२ मध्ये राज्याचे चित्र एकत्र मांडले. वेगवेगळ्या आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओटकर या समाजांत ते २० ते ३५ टक्के होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा त्यांचा अंदाज होता. या यादीतले पहिले पाच जिल्हे विदर्भातले, सहावा आपला. सिकलसेल हा विदर्भाचा आजार आहे, खानदेशचा नव्हे, हा समज या आकड्यांनी मोडला. त्यानंतर सातपुड्यातल्या दुखऱ्या हाडांकडे वात म्हणून पाहण्याला कारण उरले नाही. २०१९ मध्ये डॉ. काटे यांना पद्मश्री मिळाली.

मुंबईत परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉ. रोशन कोला आणि सहकाऱ्यांनी देशभरातील आदिवासींमधील सिकलसेलचा अभ्यास पुढे नेला. भारतातल्या सिकल जनुकाची आनुवंशिक बैठक आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळी आहे, हे १९८६ पासून माहीत आहे. तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते आणि ते पेशीला वाकण्यापासून अडवते. शिवाय आपल्या अनेक आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमिया हा दुसरा दोष सोबत असतो, त्यामुळे रक्त तितके कमी होत नाही. म्हणून भारतीय सिकलसेल सौम्य, असे पुष्कळ वर्षे म्हटले गेले.

हाडांनी मात्र या सौम्यपणाची साक्ष दिली नाही.

हाडांवर काय गुजरते

सिकलसेलची पहिली खूण पुष्कळदा हातापायांच्या बोटांवर दिसते. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. ते कमी झाले की, साधारण दोन वर्षांपर्यंतच्या वयात, दोन्ही हातांचे आणि पायांचे पंजे सुजतात, गरम लागतात, मूल हात लावू देत नाही. बोटांच्या छोट्या हाडांतला मगज रक्ताविना मरतो, त्याची ही सूज. काही दिवसांत ती उतरते. काय चावले, कुठे लागले, अशी चर्चा होते आणि विषय संपतो. निदानाची सर्वांत सोपी वेळ तिथेच निसटते.

मूल वाढते तशी वेदना लांब हाडांत सरकते: मांडी, नडगी, दंड. उन्हातान्हात पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की पेशी वाकतात, वाहिन्या तुंबतात आणि हाडाचा एक भाग उपाशी राहतो. कधी या मेलेल्या भागात जंतू शिरतात. सिकलसेलच्या रुग्णांच्या हाडांत साल्मोनेला जंतूचा संसर्ग विशेष आढळतो. डॉक्टरांची इथे कसोटी लागते. हाडातील रक्त तुंबल्याची वेदना आणि हाडातील पू यांची लक्षणे सारखीच: ताप, सूज, ठणका. एकाला पाणी, विश्रांती आणि वेदनाशामके लागतात, तर दुसऱ्याला दीर्घ प्रतिजैविके आणि प्रसंगी शस्त्रक्रिया. रुग्ण सिकलसेलचा आहे हे आधी ठाऊक असेल तरच डॉक्टर दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवतो.

मग पाठीचा कणा. मणक्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या मधोमध पोचणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबल्या की तो मधला भाग खचतो. कडांना बाजूच्या वाहिन्यांतून रक्त मिळत असल्याने त्या टिकतात. क्ष-किरणात असा मणका इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा दिसतो आणि अनुभवी डॉक्टर त्या एका चित्रावरून सिकलसेलचा संशय घेतो. त्याच्या जोडीला फुटणाऱ्या पेशींची भरपाई करायला मगज सतत वाढत राहतो. हाडाच्या आत त्याला जागा लागते, म्हणून हाडाचे कवच पातळ होते. ऊसतोडीच्या मोळ्या, लाकडाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे उचलणाऱ्या पाठीला हा कणा मिळालेला असतो.

सर्वांत मोठी हानी खुब्यात होते. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक खुब्याच्या खोबणीत फिरते आणि शरीराचा भार पेलते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेताला जसे पाणी सर्वांत शेवटी मिळते आणि वर कुठे अडले की तेच शेत आधी वाळते, तशी या हाडाची गत आहे. रक्त थांबले की हाडाचा तो भाग आतून मरतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला क्ष-किरणात काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. रुग्णाला जांघेत किंवा गुडघ्यात दुखते आणि तो पायावर भार टाकायचे टाळतो. पुढे भाराखाली मेलेले हाड पिचते, गोल टोक चपटे होते, सांधा घासतो आणि लंगडणे कायमचे होते.

१९९१ मध्ये अमेरिकेतील २,५९० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सुमारे दहा टक्क्यांच्या खुब्यात हा आजार पहिल्या तपासणीतच आढळला. त्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांना सिकलसेलसोबत अल्फा थॅलेसेमिया होता आणि ज्यांना वेदनेचे झटके वारंवार येत, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. म्हणजे जो दोष सोबत असल्याने आपल्या आदिवासी रुग्णांचे रक्त कमी घटते, तोच दोष त्यांच्या खुब्याला महाग पडू शकतो. रक्ताचा आकडा बरा दिसतो म्हणून आजार सौम्य मानणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. हिमोग्लोबिन नऊ-दहा असलेला तरुण लंगडत असेल, तर त्याचा आजार सौम्य कसा?

खुब्याचा गोल भाग पिचण्याआधी हाती लागला तर भार कमी करणे, काठी, व्यायाम आणि काही रुग्णांत हाडात बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया एवढ्यावर काही काळ निभावता येते. पिचल्यावर खुब्याचा सांधा बदलणे हाच मार्ग उरतो. सिकलसेलच्या रुग्णात ही शस्त्रक्रिया अवघड असते. हाडाची पोकळी कठीण आणि अरुंद झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, भूल देताना प्राणवायू, पाणी आणि शरीराची ऊब यांची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी लागते. शिवाय रुग्ण पंचविशी-तिशीचा. त्याला हा सांधा आयुष्यभर पुरणार नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागणार. पाड्यावर खाली बसून जेवणाऱ्या आणि उतारावरच्या शेतात राबणाऱ्या माणसासाठी कृत्रिम खुबा म्हणजे जगण्याची सारी रीत बदलणे.

औषध आले, कार्यक्रम आला

पुष्कळ वर्षे सिकलसेलच्या रुग्णाला देण्याजोगे फारसे काही नव्हते: फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, भरपूर पाणी, लसी, झटका आला तर सलाइन आणि वेदनाशामक, गरजेला रक्त. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले की हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेणाऱ्या रुग्णांत वेदनेचे झटके लक्षणीय कमी होतात. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे आपल्या रुग्णांत निसर्गाने आधीच दिलेल्या ढालीला बळ देते. पण पाश्चात्त्य पद्धतीत डोस हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी रक्त वारंवार तपासावे लागते. डोंगरात हे कसे जमावे? इथे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांचे काम मोलाचे ठरले. तीव्र आजार असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम असा ठरावीक, कमी डोस दिला तरी चांगला फायदा होतो, हे त्यांनी २०१२ मध्ये दाखवले. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी धोका आणि तपासण्यांचा भारही कमी. ग्रामीण रुग्णालयातून देता येईल असा उपचार महाराष्ट्राच्याच भूमीतून मिळाला.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याच्या आधाराने राज्याने नंदुरबारसह आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. संशोधकांच्या शिबिरांत होणारी चाचणी उपकेंद्रावर आली. आशाताई घरोघर जाऊन नावे नोंदवू लागल्या, आश्रमशाळांतील मुलांची तपासणी होऊ लागली. इथल्या कामाचा खरा कणा या आशाताई आहेत. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला तिच्या बोलीत समजावणारी, वेदनेच्या झटक्यात रात्री गाडीसाठी फोन करणारी, गोळ्या संपल्या का विचारणारी तीच असते.

तपासणीबरोबर एक नाजूक काम आले: लग्नाचा सल्ला. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. हे गणित फळ्यावर सोपे आहे, सोयरिकीच्या बैठकीत अवघड. अहवाल गावात फुटला आणि मुलीचे लग्न मोडले, अशी भीती असली की पुढचे घर तपासणीला हात पुढे करत नाही. म्हणून गोपनीयता पाळणे हा या कार्यक्रमाचा पायाच आहे. वाहकाने लग्न करू नये, असे कुणी सांगत नाही. दोघांनी आधी तपासावे, दोघेही वाहक निघाले तर गरोदरपणात लवकर निदानाची सोय आहे हे समजून घ्यावे, एवढेच सांगायचे असते.

खानदेशातली रुग्णालये

या वाटचालीचा दुसरा धागा वैद्यकीय महाविद्यालयांचा आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासूनचे. कितीतरी वर्षे साऱ्या खानदेशातल्या अवघड रुग्णांची शेवटची सरकारी आशा तेच होते. नर्मदाकाठचा रुग्ण झोळीतून, जीपमधून, एसटीतून तिथवर येई. त्याच्या पलीकडे नाशिक, मुंबई किंवा ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने सुरत. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आले, नंदुरबारला २०२० मध्ये. आता चोपडा-यावलच्या रुग्णाला जळगाव आहे, धडगाव-मोलगीच्या रुग्णाला नंदुरबार. अस्थिरोग, बालरोग, रक्तपेढी आणि विकृतिशास्त्र हे चार विभाग एका छताखाली जिल्ह्यात असणे ही सिकलसेलच्या रुग्णासाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याचा आजार या चारही विभागांत फिरतो.

कायद्यानेही साथ दिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलियासोबत सिकलसेल आहे. बाहेरून अव्यंग दिसणाऱ्या, पण महिन्यातले काही दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या माणसाची वेदना कायद्याच्या कागदावर मान्य झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकसंपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. तो उपचार आपल्या पाड्यांच्या आवाक्यात यायला वेळ लागेल. पण हा दोष मुळातून दुरुस्त होऊ शकतो, हे आता सिद्ध झाले आहे.

पुढची पावले

आजवरचे काम रक्ताभोवती झाले आणि ते तसेच व्हायला हवे होते, कारण आधी रुग्ण सापडायला हवा. आता नोंदवह्यांत नावे आहेत. त्या नावांच्या माणसांची हाडे वाचवणे हा यापुढचा टप्पा आहे आणि त्याला लागणारी बरीचशी साधने आपल्या जिल्ह्यांत आहेत.

पहिली गोष्ट, सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाच्या खुब्याची वर्षातून एकदा तपासणी. त्याला यंत्र लागत नाही. रुग्णाला झोपवून मांडी आत-बाहेर फिरवून पाहणे आणि जांघेत दुखते का, हे विचारणे ग्रामीण रुग्णालयातील कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत करू शकतो. दुखले की क्ष-किरण, क्ष-किरण निर्दोष असूनही दुखत राहिले की एमआरआय. हा क्रम उपचार-कार्डावर छापलेला असावा.

दुसरी गोष्ट, औषधाचे सातत्य. हायड्रॉक्सीयुरिया महिनाभर घेऊन दोन महिने थांबवले तर उपयोग नाही. दिवाळीनंतर इथली कुटुंबे ऊसतोडीला बारडोलीकडे आणि इतर कारखान्यांवर जातात, वीटभट्ट्यांवर जातात आणि भोंगऱ्या बाजाराला, होळीला परततात. वेदनेचे सर्वाधिक धोके त्याच महिन्यांत असतात: पहाटेची थंडी, दुपारचे ऊन, कमी पाणी, जड ओझे. निघण्यापूर्वी पुरेसा औषधसाठा हाती देणे, गुजरातच्या दवाखान्यातही चालेल असे कार्ड देणे आणि होळीला परतल्यावर पाड्यावरच रक्त आणि खुबा तपासणे, असे वेळापत्रक स्थलांतराच्या चालीने बांधले पाहिजे.

तिसरी गोष्ट, अस्थिरोग विभागांनी उलट दिशेने पाहणे. सातपुड्याच्या पट्ट्यातून खुबा, पाठ किंवा हाडातील पू घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णाची सिकल चाचणी व्हावी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन महाविद्यालयांनी अशा रुग्णांची एकच सामाईक नोंदवही ठेवली, तर खानदेशातल्या खुब्यांचे आणि मणक्यांचे खरे चित्र काही वर्षांत हाती येईल. अमेरिकेतल्या २,५९० रुग्णांवरून आपण आजही आपले अंदाज बांधतो. पावरा आणि भिल्ल रुग्णांच्या हाडांबद्दल शेवटचा शब्द इथल्याच अभ्यासाने बोलायला हवा. इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून मोलाचा विषय शोधूनही सापडणार नाही.

चौथी गोष्ट, भौतिकोपचार आणि उपजीविका. खुबा बिघडलेल्या तरुणाला ओझ्याची मजुरी सोडावी लागते. त्याला बसून करता येईल असे काम आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

डॉ. काटे यांच्यासारख्या संशोधकांनी रक्ताच्या थेंबासाठी घाट चढले, तेव्हा रस्ते नव्हते, औषध नव्हते आणि अनेकांना या आजाराचे नावही माहीत नव्हते. आज तिन्ही आहेत. त्यांनी नकाशा तयार करून दिला. त्यावरच्या प्रत्येक गावातील सिकलसेलच्या मुलाचे दोन्ही खुबे वयाच्या तिशीतही शाबूत राहिले, तर ही वाटचाल यशस्वी झाली असे म्हणता येईल. यापुढे खानदेशच्या आरोग्य यंत्रणेने स्वतःला या कसोटीवर दर वर्षी तपासावे.